दहा श्वासांचा एक मणी

हातात सहज मावेल असं एक साधन आहे. एका बाजूला मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी. वरच्या ओळीत पाच हिरवे मणी आणि शेवटी एक लाल, खालच्या ओळीत चार हिरवे आणि शेवटी एक लाल. वाळूचं घड्याळ उलटं करायचं, बाळाच्या उघड्या पोटाकडे नजर लावायची आणि श्वास मोजायला सुरुवात करायची. दहा झाले की एक मणी सरकवायचा. पुन्हा एकपासून दहा, की दुसरा मणी. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर खोकल्याने आजारी असलेल्या त्या बाळाला न्यूमोनिया झालाय असं धरायचं आणि औषध सुरू करायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी वरची ओळ, त्याहून मोठ्यासाठी खालची.

हे साधन गडचिरोली जिल्ह्यात, ‘सर्च’ या संस्थेत, डॉ. अभय बंग यांनी गावातल्या दायांसाठी तयार केलं. पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणं करत आलेल्या या बायका. हातात मोठी कला, पण शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. एक ते दहा त्या बिनचूक मोजत. पन्नास-साठपर्यंत सलग मोजायचं, तेही बाळ हातपाय हलवत असताना, म्हटलं की गडबड होई. आता अशा वेळी काय करायचं? ‘या बायकांना हे जमणार नाही’ असं म्हणून मोकळं होता आलं असतं, आणि तसं म्हणणारे पुष्कळ होते. इथे उलटं झालं. बायकांना साठपर्यंत आणण्याऐवजी साठालाच दहापर्यंत खाली आणलं. मला हे साधन पहिल्यांदा समजलं तेव्हा कितीतरी वेळ मी त्या लाल मण्याचाच विचार करत होते. वैद्यकशास्त्रातलं एक निदान तिथे एका मण्यात येऊन बसलं आहे.

पण श्वास मोजून न्यूमोनिया कळतो तरी कसा?

फुप्फुसात हवेच्या कोट्यवधी बारीक पिशव्या असतात. न्यूमोनियात त्यातल्या काही पाण्याने, पुवाने भरतात. फुप्फुस ताठर होतं, खोल श्वास घेणं जड जातं. मग शरीर दुसरी वाट काढतं: एकेका श्वासात कमी हवा येते ना, मग श्वासच जास्त घ्या. मूल उथळ, भराभर श्वास घेऊ लागतं. आजार आणखी वाढला की श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग बाहेर यायच्या ऐवजी आत ओढला जातो. हे सगळं बाहेरून, उघड्या डोळ्यांना दिसतं. डॉ. फ्रँक शॅन आणि त्यांचे सहकारी पापुआ न्यू गिनीत मुलांचे असे आजार अभ्यासत होते. १९८४ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की खोकणाऱ्या मुलाला प्रतिजैविक द्यायचं की नाही हे ठरवायला श्वासाचा वेग ही फार भरवशाची खूण आहे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने तीच खूण धरली: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त. स्टेथोस्कोप वर्षानुवर्षं कानाला लावून जे कळतं, त्यातलं सगळ्यात गरजेचं असं एक मिनिट नुसतं बघत बसल्याने हाती येतं.

मात्र ते मिनिट पूर्ण हवं. माझ्या भाचीची मुलगी बारा दिवसांची असताना मी मुद्दाम घड्याळ घेऊन तिच्यापाशी बसले. बाळ गाढ झोपलेलं. पोट भरभर वरखाली झालं आणि मध्येच थांबलं. तीन सेकंद, चार, पाच. माझा स्वतःचाच श्वास अडकला. मग पुन्हा लगबगीने सुरू. तान्ह्या बाळांचं हे नेहमीचंच असतं. त्यांच्या श्वासाला अजून एकसारखी लय सापडलेली नसते. म्हणून पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं हा मोठ्या माणसांच्या नाडीचा हिशेब इथे चालत नाही. वाळू शेवटच्या कणापर्यंत पडू द्यावी लागते. माझ्या मोजणीत एकदा ४४ आले, एकदा ५१. दोन्ही अगदी छान. या वयाचं निरोगी बाळ मिनिटाला चाळीस ते साठ श्वास घेतंच.

आता हे मिनिट गडचिरोलीत नेऊन ठेवू.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा जिल्हा. तीन चतुर्थांश जंगल. पश्चिमेला वैनगंगा, दक्षिणेकडे प्राणहिता, गोदावरी, इंद्रावती. पावसाळ्यात नाले चढले की गावंच्या गावं तुटतात, आणि नेमका तोच मुलांच्या आजारपणाचा काळ. वर्ध्यात वाढलेले अभय बंग आणि चंद्रपूरच्या राणी बंग नागपूरला डॉक्टर झाले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९८६ मध्ये इथे येऊन राहिले. सुरुवात झाली ती तेंदूपत्ता साठवायच्या एका गोदामात.

न्यूमोनियाचं काम त्यांनी पद्धतशीर प्रयोग म्हणूनच केलं. एकीकडे ५८ गावं, जिथे दाया, गावातले आरोग्यसेवक आणि थोडंफार प्रशिक्षण घेतलेले कार्यकर्ते न्यूमोनिया ओळखून कोट्रायमोक्झॅझॉल नावाचं साधं, स्वस्त औषध देणार. दुसरीकडे ४४ गावं, जिथे नेहमीची व्यवस्था. वर्षभरानंतर पहिल्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू दुसऱ्या गावांच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी कमी होते. या पद्धतीने उपचार झालेल्या ६१२ मुलांपैकी दगावलेल्यांचं प्रमाण ०.८ टक्के होतं. नेहमीच्या व्यवस्थेतल्या गावांत न्यूमोनिया झालेल्या मुलांत तेच १३.५ टक्के. १९९० मध्ये हे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. लंडनहून निघणाऱ्या त्या अंकामागे गडचिरोलीतल्या निरक्षर दायांनी मोजलेले श्वास होते, हे आठवलं की मला आजही भरून येतं.

त्याआधीच, जानेवारी १९८९ मध्ये, त्याच नियतकालिकात डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला होता. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी. आजारी म्हणून दवाखान्यात आलेल्या नव्हेत, गावात राहणाऱ्या. त्यांत ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. सरासरी काढली तर बाईमागे साडेतीनहून जास्त. आणि याआधी कधी अशी तपासणी झालेल्या? जेमतेम आठ टक्के. त्या काळात ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धरलं जाई. ‘अंगावरून पांढरं जातं’ हे ती शेजारणीला सांगे, सासूला सांगे, दाईला सांगे. डॉक्टरला सांगायची वेळच येत नसे, कारण विचारणारं कुणी समोर नसे. पुढे राणीताईंनी या ऐकण्यावर जे पुस्तक लिहिलं त्याचं नावच ‘कानोसा’. जगभरच्या आरोग्यधोरणात स्त्रियांच्या या आजारांना जागा मिळायला त्या दोन गावांचा मोठा हातभार लागला.

ऐकणं हा शब्द इथे मी सहज वापरलेला नाही. दवाखाना बांधायचा ठरला तेव्हा आधी आदिवासींना विचारलं गेलं, की आत्ता आहेत त्या मोठ्या दवाखान्यांत तुम्ही का जात नाही? उत्तरं अशी होती, जी कुठल्याही आराखड्यात सापडली नसती. इमारत एवढी मोठी की आत गेल्यावर वाट सापडत नाही. डॉक्टर-नर्सचे पांढरे कपडे बघून भीती वाटते, कारण पांढऱ्या कापडात आम्ही मेलेल्या माणसाला गुंडाळतो. नातेवाइकांना बाहेर काढतात, मग आजारी माणूस एकटाच पडून राहतो. आणि तिथे आमचा देव नाही. म्हणून गडचिरोलीपासून काही कोसांवर, चातगावजवळ वसलेल्या ‘सर्च’च्या शोधग्राम या वसाहतीतल्या दवाखान्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं. आदिवासी पाड्यासारख्या झोपड्या उभ्या राहिल्या आणि रोग्यासोबत घरची माणसं राहू लागली. आरोग्यातली विषमता आपण अंतराच्या, पैशाच्या, डॉक्टरांच्या संख्येच्या भाषेत बोलतो. पांढरा कोट हीसुद्धा एक भिंत असते, हे विचारल्याशिवाय कळलं नसतं.

एवढं होऊनही एक वय हाताबाहेर राहत होतं. जन्मल्यापासूनचे पहिले अठ्ठावीस दिवस.

न्यूमोनियाचे मृत्यू घटले तसं स्पष्ट दिसू लागलं की उरलेल्या बालमृत्यूंतले बहुतेक या अठ्ठावीस दिवसांत होताहेत. नवजात बाळावर उपचार म्हणजे मोठं रुग्णालय, काचेची पेटी, तज्ज्ञ, असाच तेव्हाचा सर्वत्र समज. आणि बाळं जन्मत होती घरात, अंधाऱ्या खोलीत. बाळंतीण काही दिवस त्या खोलीबाहेर पडत नाही आणि बाळालाही बाहेर काढत नाहीत. रीतच तशी. म्हणजे दवाखाना दारात असता तरी बाळ तिथवर पोचलं नसतं. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांना त्यांच्या घरी जाऊन महिनाभर नियमित पाहिलं गेलं. निम्म्याहून जास्त बाळांना कधी ना कधी वैद्यकीय उपचारांची गरज होती. प्रत्यक्षात उपचार मिळाले तीन टक्क्यांहूनही कमी बाळांना.

मग घरालाच दवाखाना करायचं ठरलं. प्रत्येक गावातली एक बाई निवडली, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेली. तिला नाव मिळालं आरोग्यदूत. बाळंतपणाच्या वेळी दाईसोबत हजर राहायचं. बाळ रडलं नाही तर नाकातोंडावर मुखवटा धरून श्वास द्यायचा. वजन घ्यायचं. आणि नंतर महिनाभर ठरलेल्या दिवशी घरी जायचं.

यातला सगळ्यात अवघड शत्रू म्हणजे जंतुसंसर्ग, ज्याला डॉक्टर सेप्सिस म्हणतात. मोठ्या माणसाला संसर्ग झाला की ताप चढतो, तो सांगतो, कण्हतो. आठ दिवसांच्या बाळात यातलं काहीच धड होत नाही. कधी ताप येतो, कधी उलट अंग गार पडतं. शहरात रक्त तपासून, जंतू वाढवून बघतात, त्याला दोन-तीन दिवस जातात. इथे हाताशी तेवढे तासही नसत. आरोग्यदूतांच्या नोंदी चाळून बंग आणि सहकाऱ्यांनी सात खुणा काढल्या. आधी नीट रडणारं बाळ मंद रडू लागलं किंवा रडायचं थांबलं. आधी नीट चोखणारं बाळ चोखेनासं झालं. बाळ मलूल पडलं. अंग फार तापलं किंवा गार पडलं. नाळेत किंवा कातडीवर पू दिसला. जुलाब, सततच्या उलट्या किंवा पोट फुगलं. कण्हत श्वास घेणं किंवा छाती खोल आत ओढली जाणं. यांतल्या दोन खुणा एकाच वेळी दिसल्या तर सेप्सिस समजायचा.

पहिल्या दोन खुणा पुन्हा वाचा. ‘आधी’ नीट रडणारं. ‘आधी’ नीट चोखणारं. बाळ काल कसं रडत होतं हे कुठल्या यंत्राला माहीत असतं? तपासायला आलेल्या तज्ज्ञाला? जगात ते एकाच माणसाला ठाऊक असतं, आणि ते माणूस त्या अंधाऱ्या खोलीत बाळाशेजारी जागं असतं. आरोग्यदूत विचारते, “माय, बाळ कालच्यासारखं दूध पेते का?” आई म्हणते, “नाही वं बाई, सकाळपासून तोंडच लावत नाही.” रोगनिदानाला सुरुवात झाली. आईची आठवण हेच इथलं पहिलं उपकरण, आणि शास्त्राने ते मोजणीत धरलं. मला या सगळ्या कामातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. अडाणी म्हणून जिला बाजूला बसवलं जायचं, तिच्या उत्तरावर इंजेक्शन द्यायचं की नाही हे ठरू लागलं.

हो, इंजेक्शन. आईबापांची संमती घेऊन आरोग्यदूत बाळाच्या मांडीत जेंटामायसिन टोचायची आणि सोबत तोंडाने औषध. सात दिवस, कमी दिवसांच्या बाळाला दहा. गावातल्या बाईच्या हाती सुई द्यायची म्हटल्यावर डॉक्टरमंडळींनी आक्षेप घेतले नसते तरच नवल. त्याला उत्तर आकड्यांनीच दिलं. उपचार सुरू होण्याआधी सेप्सिस झालेल्या १६३ बाळांत मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्के होतं. उपचार सुरू झाल्यावर २.८ टक्के.

थंडीबद्दलही थोडं सांगायलाच हवं, कारण ती दिसत नाही. आकारमानाच्या मानाने बाळाची कातडी मोठी असते, त्यामुळे मोठ्या माणसापेक्षा त्याची ऊब कितीतरी वेगाने निघून जाते. आपण कुडकुडतो, म्हणजे स्नायू हलवून उष्णता तयार करतो. नवजात बाळाला कुडकुडता येत नाही. पाठीत, मानेजवळ असलेली एक खास चरबी जाळून ते ऊब टिकवतं, आणि कमी वजनाच्या बाळाकडे तीही पुरेशी नसते. गडचिरोलीतली जवळपास चाळीस टक्के बाळं तेव्हा अडीच किलोच्या आत असत. जन्मल्याजन्मल्या आंघोळ घालायची पद्धत म्हणजे अशा बाळाची सगळी पुंजी पाण्यात घालवणं. आरोग्यदूत आधी बाळाच्या पोटाला हात लावते, मग तळपायाला. पोट गरम आणि पाय गार, तर बाळ थंडीशी झगडतंय. दोन्ही गार, तर ते हरत चाललंय. कोरडं करून, टोपरं घालून, कमी वजनाच्या बाळाला उबदार पिशवीत ठेवून आईच्या कुशीत देणं, हा झाला उपाय. वीज नसलेल्या घरात हीच काचेची पेटी.

हा सगळा प्रयोग १९९५ ते १९९८ असा चालला. ३९ गावांत घरगुती नवजात बाळसेवा, शेजारच्या ४७ गावांत नेहमीची व्यवस्था. सुरुवातीला ३९ गावांत हजारी ६२ नवजात बाळं दगावत होती. ४७ गावांशी तुलना केली तर मृत्युदर पहिल्या वर्षी २५ टक्क्यांनी घटला, दुसऱ्या वर्षी ४९, तिसऱ्या वर्षी ६२. एका बाळामागे खर्च आला ५.३ डॉलर. १९८८ मध्ये या गावांतला बालमृत्युदर हजारी १२१ होता, तो २००३ पर्यंत ३० वर आला. हे आकडे कागदावर कोरडे दिसतात. पण शंभर-सव्वाशे घरांच्या गावात हा फरक म्हणजे काय, हे तिथल्या बायकांना आकड्याशिवाय कळतं. पूर्वी प्रत्येकीच्या बोलण्यात एखादं तरी गेलेलं लेकरू असायचं.

अर्थात हे आकडे मोजता आले ते मृत्यू खरेखुरे नोंदवले म्हणून. जन्मून दोन तासांत गेलेलं बाळ अनेकदा कुठेच लिहिलं जात नाही. ते जन्मलं असंही नाही, गेलं असंही नाही. ‘सर्च’ने गावागावांत जन्म-मृत्यूची स्वतःची नोंद ठेवली, आणि घरोघर जाऊन ती पुन्हा पडताळली. पुढे २००१ मध्ये राज्यातल्या अनेक संस्थांनी मिळून बालमृत्यूंची अशीच मोजणी केली आणि ‘कोवळी पानगळ’ या नावाने तो अहवाल मांडला, तेव्हा सरकारी नोंदीत किती बाळं हरवलेली आहेत ते महाराष्ट्राला दिसलं. श्वास मोजणं आणि मृत्यू मोजणं ही मला एकाच कामाची दोन टोकं वाटतात.

२००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी गृहभेटींची एकत्रित शिफारस केली. २०११ मध्ये भारत सरकारने घरगुती नवजात बाळसेवा देशभर लागू केली आणि ती आशाताईंच्या, म्हणजे गावच्या आरोग्यसेविकांच्या, हाती दिली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा घरी येते. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. इंजेक्शन मात्र देशपातळीवर आशाच्या हाती आलं नाही. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ठरावीक परिस्थितीत ते नर्सताई, म्हणजे एएनएम, देऊ शकते. मला वाटतं, दुर्गम भागात अजूनही हा हात आखडता आहे. आणि या सगळ्या भेटींचे मिळून आशाला ठरलेले २५० रुपये ही रक्कम मला डाचते. वैद्यकशास्त्रातली एवढी मोठी झेप जिच्या पावलांवर उभी आहे, तिच्या चपला झिजतात त्याचा हिशेब कुणीतरी नीट करायला हवा.

पण तुमच्या गल्लीत, तुमच्या गावी, एखाद्या घरी बाळ जन्मलं की तिसऱ्या दिवशी ती येते. आल्याआल्या कुणाशी बोलायच्या आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुते, आणि कपड्याला न पुसता तसेच हवेत वाळवते. मग पिशवीतून झोळीचा ताणकाटा काढते. त्यावर रंग असतात, लाल, पिवळा, हिरवा, म्हणजे आकडा वाचता न येणाऱ्या आजीलाही बाळ कुठल्या रंगात आहे ते दिसावं. वजन झालं की बाळाला लगेच पांघरुणात गुंडाळते. थर्मामीटर काखेत धरते. आईला दूध पाजायला सांगते आणि बाळ कसं चोखतंय ते बघत बसते. शेवटी पांघरूण पोटापुरतं बाजूला करते, हातातल्या घड्याळाकडे एकदा बघते आणि घरातल्यांना म्हणते, एक मिनिट, कुणी बोलू नका.